आत्यानं वहिनीचा हात धरला

मंडळी, आज गुरुपौर्णिमा. सकाळी आम्ही घरची सगळी नरसिंहपूरला आमच्या घरच्या गुरूंच्या, महाराजांच्या पादुकांची पूजा करायला गेलो होतो.

माझा थोरला भाऊ यंदाच गेला. त्यामुळे वहिनी पूजेला पुढं आली नाही, मागं खांबाशी उभी राहिली. आम्हीही कुणी तिला बोलावलं नाही.

तेवढ्यात माझी नव्वदीची आत्या उठली. वहिनीचा हात धरून तिला पादुकांपुढं घेऊन गेली आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

परतताना मी कारण विचारलं, तेव्हा आत्यानं एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट सांगितली. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा वारला आणि ती माहेरी बारामतीला आली. एकदा हेच महाराज घरी आले, तर पाद्यपूजेच्या वेळी तिला मागच्या दारी बसवलं होतं.

"महाराजांनी पाय ताटातनं काढून घेतलं," आत्या म्हणाली. "म्हनले, घरची लेक कुठं हाय? आबा म्हनले, तिचं पानी चालत न्हाय. तर महाराज म्हनले, मग तुमचंबी मला चालत न्हाय."

आबा म्हणजे माझे आजोबा. शेवटी तेच उठले आणि लेकीला आत घेऊन आले.

"मी पाय धुतलं. महाराजांनी डोस्क्यावर हात ठिवला. मालक गेल्यापास्नं मायेनं कुनी शिवलंच नव्हतं मला."

गाडीत वहिनी आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

तुमच्या घरी आज पूजेला मागं कोण उभं होतं?