फाटकाकडे पाठ

मुडबीत लग्न होऊन आले तेव्हापासून सासऱ्यांनी माझं तोंड पाहिलेलं नाही. आमच्याकडे थोरल्या माणसासमोर सुनेनं पदर कपाळाखाली ओढायचा आणि मान खाली ठेवायची. मी त्यांना मामा म्हणते, पण समोरासमोर बोलणं असं नाहीच. त्यांना काही हवं असलं की ते भिंतीकडे बघून म्हणतात, "चहा झाला असता तर बरं झालं असतं." मी कप उंबऱ्याजवळ ठेवते आणि मागे सरते. घरात शिरायच्या आधी ते दाराबाहेर खाकरतात. ते ऐकलं की माझा हात आपोआप पदराकडे जातो. याचा मला कधी जाच वाटला नाही. मी मुळातच लाजरी. पदराआड बरं वाटायचं.

नवरा पोत्यांच्या थप्पीवरून पडला तेव्हापासून त्याला धड उभं राहता येत नाही. घर मामांच्या आणि माझ्या कामावर चालायचं. दोघंही हमरस्त्यावरच्या एकाच डाळ मिलमध्ये, मामा फाटकावर राखणदार आणि मी आत डाळ निवडायला. पूर्वी फाटकावर काही अडचण नव्हती. आम्हा बायांचा घोळका आत शिरायचा, मी मधोमध असायचे, मामा रस्त्याकडे बघत उभे असायचे.

मग मालकांनी तिथं मशीन बसवली. लोखंडी फिरत्या दांड्यांचं फाटक आणि त्यावर कॅमेरा. चालत यायचं, तोंड वर करायचं. मशीननं ओळखलं की हिरवा दिवा लागतो आणि दांडी सुटते. त्याच वेळी टेबलावरच्या पडद्यावर ते तोंड मोठं होऊन दिसतं. पडद्यावरचं तोंड आणि आत येणारं माणूस एकच आहे का, हे बघायचं काम मामांना लागलं. मशीननं ओळखलं नाही तर त्या दिवसाची हजेरी नाही, आणि वरचेवर तसं झालं तर काम सुटणार.

मशीनसाठी फोटो काढला तेव्हा आत ऑफिसात बाईमाणूस होतं. तिथं मी पदर मागे घेतला होता. फाटकावर मामा होते.

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी मान खाली घालून गेले. लाल दिवा. पुन्हा गेले, पुन्हा लाल. मागून शेजारच्या अक्कानं ढोसलं.

"अगं मान वर कर की! नवरी हैस का नवी?"

"नवरदेव आत डाळीत बसलाय तिचा," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मामा खाकरले, अगदी घराच्या दाराबाहेर खाकरतात तसे. मी पदराच्या काठाखालून बघितलं. ते उठून फाटकाकडे पाठ करून भिंतीसमोर उभे राहिले होते. मी पदर मागे सारला आणि तोंड वर केलं. हिरवा दिवा लागला.

मग रोज तसंच. माझी पाळी आली की ते खाकरायचे, वळायचे, मी आत जायचे. घरी या गोष्टीवर आम्ही अवाक्षर काढलं नाही. पण डाळ निवडताना मला त्यांची ती पाठ आठवायची आणि वाटायचं, घरात आपल्याला कोणीतरी जपतंय.

वरच्या खोलीत सुपरवायझर फाटकाचा कॅमेरा बघत बसायचा, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? एके सकाळी तो खाली येऊन टेबलापाशीच उभा राहिला. मामा खाकरून वळले.

"अज्जा, तुला फाटकाकडं बघायला ठेवलंय का भित्तीकडं?"

"मानंला कळ निघालीय, अण्णा."

"रोज ह्याच बाईला बघून निघतीय व्हय कळ? वर बसून मी काय झोपा काढायलोय?"

अक्काला राहवलं नाही. "अण्णा, सून हाय ती त्यांची. तोंड कसं बघतील?"

सुपरवायझर हसला. "मशीनला सून न्हाई आन् सासरा न्हाई. उद्या हिच्या पदराखालनं दुसरीच कोन शिरली तर? ए बाई, ये पुढं. अज्जा, बस हितं. हिचं तोंड बघ, पडदा बघ, आन् मला सांग, एकच हाय का."

मी दांडीपाशी उभी राहिले. तोंड वर केलं नाही तर माझं काम जाणार होतं. केलं तर मामांना बघावं लागणार होतं. मागच्या बायांपैकी कोणी हसलं नाही.

मामा बसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गळ्यातली शिट्टी टोपीत ठेवली आणि टोपी टेबलावर.

"मला न्हाई सांगता यायचं, अण्णा," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत तिचं तोंड बघितलं न्हाई. मी वळखू कसा?"

ते रस्त्याला लागले. त्यांच्या वहाणांचा आवाज थांबेपर्यंत मी मान खाली ठेवली. मग तोंड वर केलं. दिवा हिरवा झाला आणि मी आत गेले.

त्यांच्या जागी मिलनं कोणाला ठेवलं नाही. खुर्चीही उचलली. आता मशीन एकटीच असते.

मामा दिवसभर घरीच असतात. दोन खोल्यांचं घर, त्यामुळे पाणी प्यायला उठले तरी ते आधी खाकरतात. सुट्टीच्या दिवशी माझ्या डोक्यावरचा पदर मागे सरतच नाही. शेजारणी विचारतात, "म्हाताऱ्याला खोकला लागलाय का? औषध कामून देईनास?" मी नुसती मान हलवते.

या थंडीत त्यांना खरंच खोकला लागलाय. आधी वाटलं, उठायच्या आधीचंच ते खाकरणं आहे. मग एकदा उशीवर रक्त दिसलं. दवाखान्यात न्यायचं तर एक खाडा होतो, म्हणून रविवारी नेणार आहे. रिक्षात शेजारी बसावं लागेल. आता आतल्या खोलीतून सारखा आवाज येतो. कोणता खोकला आणि कोणतं खाकरणं, मला ओळखता येत नाही. प्रत्येक वेळी हात पदराकडे जातो.