डोलणाऱ्या माना

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी नेमाने मान डोलवते. नजर बोलणाऱ्याकडे असते आणि मन संध्याकाळच्या भाजीत. आज बोलायची पाळी माझी होती. टेबलाभोवतीच्या माना एका लयीत डोलत होत्या, आणि त्यातली प्रत्येक मान मला माझीच वाटली. राग आला नाही. कीर्तनात डुलणारे तरी सगळे कुठे जागे असतात! फक्त कोपऱ्यातल्या शिंदेबाईंची मान स्थिर होती. त्या म्हणाल्या, “थांब गं जरा. हे शेवटचं मला कळलं नाही. परत सांग.”

इतक्या वर्षांत मला असं कोणी अडवलं नव्हतं. चक्क बरं वाटलं. परत सांगायला मी तोंड उघडलं, आणि शेवटचं काय बोलले होते तेच मला आठवेना.