भूगोलाच्या बाईंचा नववा भाग

भूगोलाच्या बाईंना वर्गात खोटं बोलायची खोड होती. आठवीच्या वर्गात शिरायचं, टेबलावर पृथ्वीगोल आदळायचा आणि बेधडक सांगायचं, "नदी समुद्रात उगम पावते आणि डोंगरावर जाऊन संपते. घ्या लिहून." निम्मी मुलं इमानेइतबारे लिहून घेत. उरलेल्यांत चुळबुळ सुरू होई, कुणी शेजाऱ्याला कोपर मारी आणि शेवटी एखादा हात वर येई, "पण बाई..." या "पण बाई"साठी त्या एकतीस वर्षं नोकरी करत होत्या. ते ऐकू आलं की त्यांचा चेहरा खुले, आणि मग तास कधी संपला ते ना त्यांना कळे, ना मुलांना.

बाकी स्वभाव म्हणाल तर तिखट. बाईंच्या जिभेला हाड नाही असं त्यांचे यजमानच सांगत, अर्थात बाई दुसऱ्या खोलीत असताना आणि तेही दबक्या आवाजात. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची बाईंची. नवा आलेला शिक्षक तिच्यावर बसे, पण एकदाच.

मुख्याध्यापक मात्र अगदी वेगळ्या मुशीतले. ते कार्यशाळांना जात. एका कार्यशाळेहून आले आणि वर्गावर्गात सूचनापेट्या लागल्या. दुसरीहून आले आणि स्मार्ट फळा आला. त्याचा रिमोट हरवल्यापासून पावसाळ्यात त्याच्या कोपऱ्यांना ओल्या छत्र्या अडकवायची सोय झाली होती. यंदा सर दोन दिवस जाऊन आले ते पॉडकास्ट घेऊन.

"जग आता कानांकडे चाललंय," त्यांनी शिक्षकांच्या सभेत जाहीर केलं. "मूल बसमध्ये शिकेल, जेवताना शिकेल, आंघोळ करताना शिकेल."

"आणि वर्गात?" बाईंनी विचारलं.

"वर्गात काय, ते शिकतंच," सर घाईघाईने म्हणाले आणि सुरुवातीचा मान भूगोलाला देऊन मोकळे झाले. शाळेत सगळ्यात जास्त बोलणारं माणूस कोण, याबद्दल सभेत दुमत नव्हतं.

बाईंची सून दुसऱ्या शहरात राहायची. तिने फोनवरून सांगितलं की रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तर कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून बोला, कपडे आवाज शोषून घेतात. मग रोज संध्याकाळी बाई फोन हातात घेऊन, ठेंगण्या स्टुलावर बसून कपाटात डोकं घालू लागल्या. पहिल्या दिवशी यजमानांनी विचारलं, "काय हरवलंय?" त्याचं जे उत्तर मिळालं ते ऐकून त्यांनी पुन्हा म्हणून तिकडे पाहिलं नाही.

पण कपाटात बाईंना बोलणं सुचेनासं झालं. वर्गात चाळीस चेहरे असत. इथे समोर यजमानांचा जुना कोट. कोटाला काही "पण बाई" म्हणता येत नाही. शेवटी त्यांनी सगळं आधी वहीत लिहून काढलं आणि "नमस्कार, श्रोतेहो" अशी सुरुवात करून सरळ वाचून दाखवलं. सून ते भाग शाळेच्या ॲपवर चढवी आणि कुणी किती ऐकला याचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी कळवी.

हा आकडा मोठा वाईट. बाईंनी आधी नाक मुरडलं. मग पहिला भाग दोनशे बारा मुलांनी शेवटपर्यंत ऐकला असं कळलं. दुसराही दोनशे बारा. तिसराही. एकतीस वर्षांत बाईंचा तास जांभई न देता दोनशे बारा जणांनी कधी ऐकला नव्हता. माणूस हुरळणारच. बाई "माझे श्रोते" असं म्हणायला लागल्या. घसा जपायला म्हणून थंड पाणी सोडलं. वाण्याला विनाकारण सांगून आल्या. पूर्ण भाग ऐकणाऱ्याला सरांनी पाच गुण ठेवले आहेत, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण ती त्या मनावर घेत नव्हत्या.

वीस भाग झाले आणि सरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"अभिनंदन! पुढच्या सत्रापासून भूगोलाचे तास बंद," सर हसून म्हणाले. "मुलं घरीच इतकं मन लावून ऐकतायत, मग वर्गाची गरजच काय? तुम्ही आता ध्वनिशिक्षण समन्वयक. वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, भिंतींना फोम. सगळ्या विषयांचे भाग तुम्हीच करायचे."

"आणि मुलं?"

"मुलांचा त्रासच नाही आता तुम्हाला! शनिवारी व्यवस्थापन समिती बसतेय, ती शिक्कामोर्तब करेल."

बाई बाहेर आल्या. सेवानिवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि ती फोम लावलेल्या खोलीत कोटासमोर काढायची होती. त्या तशाच आठवीच्या वर्गात गेल्या आणि विचारलं, "ज्वालामुखीच्या भागात मी कुठली गंमत सांगितली होती?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

"खरं सांगा. कुणाचे गुण कापणार नाही."

वर्गप्रमुख उभा राहिला. "बाई, आम्ही ऐकतो. पण आवाज बंद करून."

"आवाज बंद करून ऐकतात कसं रे?"

"फोन उशीखाली ठेवायचा. शेवटपर्यंत चालू राहिला की पाच गुण मिळतात." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की रागवायलाही जागा उरली नाही. बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या, खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांना रडू आलं. मुलांचा राग नव्हता. वाण्याला जाऊन सांगितलं होतं याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना गाठलं. "सर, मुलं ऐकत नाहीत."

"आकडे बोलतायत, बाई. आणि मुलांचं सोडा, मी स्वतः प्रत्येक भाग ऐकलाय. समितीच्या पाचही सदस्यांनी ऐकलाय." सरांनी फाईल पुढे सरकवली. प्रत्येक भागाला एक पान, पानावर सरांचा शेरा, खाली सहा सह्या. नवव्या भागाखाली लिहिलं होतं, "विशेष भावला. भाषा ओघवती, मांडणी संयत."

संयत? एकतीस वर्षांत बाईंना संयत कुणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी चहाचे कप ठेवता ठेवता त्यांनी टेबलावर नववा भाग लावला.

"मी ऐकलाय की," यजमान म्हणाले. "छान झालाय."

फोनमधून आधी कपाटाचं दार करकरलं. मग बाईंचा आवाज आला, पण नमस्कार नव्हता आणि श्रोतेही नव्हते. "अहो, ऐकलंत का? आमच्या सरांना ना, पृथ्वी गोल आहे हेसुद्धा परिपत्रक आल्याशिवाय पटायचं नाही! आणि ती समिती! नकाशा उलटा धरून दिला तरी अध्यक्ष सही ठोकतील."

"हं," फोनमधले यजमान म्हणाले.

"हं काय, हं? तुमचं लक्ष आहे का?"

"आहे ना. हं."

नवव्या भागासाठी वाचलेला नदीचा पाठ कुठेच नव्हता. त्या दिवशी रेकॉर्डिंगचं बटण उलटं दाबलं गेलं होतं. सुरू केलं असं वाटलं तेव्हा ते बंद झालं होतं, आणि बंद केलं असं वाटलं तेव्हा सुरू. पाठ कोटाने ऐकला आणि घड्या घालताना बाईंनी केलेली पंधरा मिनिटांची बडबड शाळेने. टेबलापलीकडे यजमानांचे कान लाल झाले होते. छान झालाय म्हणे! बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि यजमान उठून कप विसळायला गेले.

सुनेला फोन लावला तर ती हादरलीच. "आई, सॉरी! मी न ऐकताच चढवला. पण दोन मिनिटं द्या, आत्ता काढून टाकते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

ते खरंच होतं. भाग काढला असता तर बाईंचा मान राहिला असता, श्रोते राहिले असते, समन्वयकपदही राहिलं असतं. ठेवला असता तर सरांना चारचौघांत तोंड दाखवता आलं नसतं, कदाचित नोकरीही गेली असती. पण हा भाग ऐकवल्याशिवाय आठवीचा वर्ग कसा राहील, याचं उत्तर बाईंना सापडत नव्हतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "हात लावू नकोस त्याला."

शनिवारी समिती बसली. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं आणि त्यांना लवकर जायचं होतं. सरांनी आकडे वाचून दाखवले आणि म्हणाले, "नमुन्यादाखल एखादा भाग ऐकूया."

"नववा लावा ना, सर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला विशेष भावलाय."

सरांनीच मोठ्या हौसेने लावला. कपाटाचं दार करकरलं. पृथ्वी आणि परिपत्रक आलं तेव्हा सरांचा हात बटणाकडे झेपावला, पण अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या, ऐकू द्या." मग उलट्या नकाशाची पाळी आली. अध्यक्षांनी फाईल ओढून घेतली, नववं पान काढलं आणि तिथे स्वतःची सही पाहिली. इतर सदस्यांनीही आपापल्या सह्या पाहून घेतल्या. "हं," फोनमधले यजमान म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. "मी वाईट बोलले. त्याबद्दल सगळ्यांची माफी मागते. पण हा भाग दोनशे बारा मुलांनी ऐकला, तुम्ही सहा जणांनी ऐकला, असं कागद सांगतो. हे काय चाललंय, असं एकानेही विचारलं नाही. वर्गात मी एक वाक्य चुकीचं बोलले तर ही मुलं मला पुढे जाऊ देत नाहीत. मला माझा वर्ग परत द्या."

बाईंना काढून टाकावं असं निदान तिघांच्या मनात होतं. पण काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहायचं तर नववा भाग आज पहिल्यांदा ऐकला हे लिहावं लागलं असतं. पाऊण तास खल झाला. मग इतिवृत्तात नोंद झाली, "नवव्या भागाचे सामूहिक श्रवण झाले. सदस्यांनी समाधान व्यक्त केले. भूगोलाचे तास पूर्ववत ठेवावेत." पॉडकास्टही पूर्ववत ठेवला गेला. त्या शाळेत सुरू झालेलं काही बंद होत नाही. नववा भाग मात्र त्याच दुपारी काढला गेला, आणि सर तेव्हापासून बाईंशी फक्त परिपत्रकातून बोलतात.

सोमवारी मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी वर्गातच रेंगाळली. शेवटच्या बाकावर बसणारी, वर्षभरात हात वर न केलेली. बाईंना तिचा आवाज कसा आहे हेसुद्धा आठवेना.

"बाई, तुम्ही नववा भाग काढलात?"

"काढला. का गं?"

"मी ऐकायचे तो. जेवताना."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे, आवाज चालू ठेवून?"

मुलीने मान हलवली.

"अगं, मग तो चुकून गेलाय हे सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काढला असता." ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्या घरी तुम्ही रागावता, आणि ते हं म्हणतात."

बाईंनी पृथ्वीगोल बाजूला सारला, टेबलावर जागा केली आणि शेजारची खुर्ची ओढली.

"डबा आणलायस ना? आण इकडे," त्या म्हणाल्या. "सरांबद्दलचं बरंच सांगायचं राहिलंय."