दांपत्य सभासद

आई गेल्यानंतरही बराच काळ बाबा आमच्या धायरीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ऑनलाइन सूचीत 'दांपत्य सभासद' म्हणूनच राहिले होते.

ती सूची मी आईच्या आग्रहाने बनवली होती. ती तेव्हा संघाच्या कार्यकारिणीवर होती. जुन्या छापील पुस्तिकेतले निम्मे नंबर बदललेले असत, कुणाला अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तर शेजारच्या सोसायटीत कोण आहे हेही कळत नसे. "दुपारी झोपून रात्रभर परदेशातल्या लोकांची एवढी संकेतस्थळं करतेस, आमचंही एक कर," असं म्हणून तिने ते माझ्या गळ्यात घातलं. सुरुवातीला सभासदांचे दोनच वर्ग होते, दांपत्य आणि एकल. जोडप्याची नोंद एकच असे, तिच्यात दोघांची नावं आणि दोघांचे फोन. पुढे कुणीतरी उत्साहाच्या भरात 'विधवा' आणि 'विधुर' असे आणखी दोन वर्ग घालून ठेवले.

संघातल्या एका निवृत्त शिक्षिकांचे यजमान वारले आणि तेराव्याच्या आतच त्यांची नोंद दांपत्यातून उचलून विधवा वर्गात टाकली गेली. बाई पुढच्या सभेला आल्या आणि सभा संपता संपता उठून शांतपणे म्हणाल्या, "मी सभासद झाले ती अर्ज करून झाले होते. विधवा होण्यासाठी मी अर्ज केलेला नव्हता."

सगळे वर्ग काढून टाकायचे, प्रत्येकाने नुसतं 'सभासद' असायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. काम अर्थातच माझ्याकडे आलं. निधन झालेल्यांची नावंही याच वेळी काढावीत, असं सचिवांनी फोन करून सांगितलं. बोलताना ते अडखळत होते, आमच्याच घराबद्दल आपण बोलतोय हे त्यांना ठाऊक होतं.

वर्ग काढणं ऐकायला सोपं वाटतं. संकेतस्थळाच्या पडद्यावर काहीही न दाबता आपल्या प्रोग्रॅममधून त्याला थेट हुकूम पाठवता येतात, त्या वाटेला एपीआय म्हणतात. 'हा वर्ग काढ' एवढा एक ओळीचा हुकूम पुरतो. पण वर्गात माणसं असताना तो काढला तर ती माणसं कुठेच दिसेनाशी होतात. आत कुठेतरी असतात, शोधली तर सापडत नाहीत. म्हणून आधी सगळ्या सूचीची प्रत काढून ठेवायची, एकेकाला नव्या 'सभासद' वर्गात न्यायचं, जुना रिकामा झाला का ते पाहायचं आणि मगच काढायचा. आत कुणी राहिलं असेल तर यंत्रणा स्वतःच नकार देते. तो नकार डावलून जबरदस्तीने काढायचीही सोय असते, पण ती मी कधी वापरत नाही.

एका रविवारी सकाळी मी बसले. एकल, विधवा आणि विधुर हे वर्ग विनातक्रार गेले. गेल्यावर मी संकेतस्थळ उघडून शिक्षिकाबाईंचं नाव शोधलं. सापडलं, नुसतं नाव, पत्ता आणि फोन. बरं वाटलं. मग दांपत्य वर्ग घेतला. प्रत्येक जोडप्याच्या एका नोंदीच्या दोन केल्या, नव्या वर्गात नेल्या आणि काढायचा हुकूम पाठवला. नकार आला. वर्गात एक नोंद शिल्लक आहे.

ती कुणाची हे मला माहीत होतं. मीच प्रोग्रॅमला ती वगळायला सांगितली होती.

बाबा आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मी गेले तेव्हा वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. आईने कधी घेतले नसते असे जाड देठ भाजीत राहू देत होते.

"बाबा, तुमची नोंद हलवायची आहे," मी म्हटलं.

"हलव की. मी काय तिच्यावर बसून आहे?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि आईचं नाव काढावं लागेल, तिचा नंबरही जाईल, असं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"नंबर कशाला? तिचा फोन चालू आहे."

तो केव्हाच बंद झाला असेल असं मी धरून चालले होते. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून तो काढून दाखवला. कोपऱ्यावरच्या दुकानातून ते न चुकता रिचार्ज करत होते. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मग ते हळूहळू सांगू लागले. सूचीत नाव पाहून लोक अजून तिला फोन करायचे. कुणाला भाजणीचं प्रमाण हवं असे, कुणाला सहलीची चौकशी करायची असे. ती गेली हे पुष्कळांना माहीतच नसे, आणि प्रत्येकाला ते बाबांनी सांगायचं. पहिले काही फोन त्यांनी सांगता सांगताच ठेवून दिले होते. पुढे त्यांच्या लक्षात आलं की ऐकल्यावर माणसं आपणहून तिच्याबद्दल काहीतरी सांगतात. कात्रजच्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या डायलिसिसला आई दर आठवड्याला सोबत यायची.

"मला म्हणायची, भजनाला जाते," बाबा म्हणाले. "मी म्हणायचो, एवढं भजन करून आवाज काही सुधारत नाही तुझा." त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "एकदा तरी सांगायचं होतं तिने. मी सोडायला गेलो असतो."

मी त्यांच्यापुढची मेथी ओढून निवडू लागले.

मग तेच म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा, नाव काढून टाक, फक्त तिचा नंबर माझ्या नावापुढे दुसरा नंबर म्हणून राहू दे. मी वर जाऊन तसं केलं. या वेळी हुकूम मानला गेला. काम झालं की यंत्रणा शब्दही पाठवत नाही, रिकामं उत्तर येतं. मी बाबांचं नाव शोधलं. मिळालं. मग आईचं नाव टाकून पाहिलं. एकही नोंद नाही, असं आलं. तसंच येणार हे मला ठाऊक होतं, तरी मी ते पुन्हा एकदा टाकून पाहिलं.

त्यानंतर फोन कमी होत गेले. लोक नावाने शोधतात, आणि नावच नव्हतं. आईचा फोन मात्र बाबांच्या खिशात असायचा, नाहीतर मी गेले की चार्जिंगला लावलेला दिसायचा.

परवा संध्याकाळी ते वर आले. "हा बिघडलाय का बघ गं," म्हणत त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी माझ्या फोनवरून आईचा नंबर लावला. त्यांच्या हातात तो वाजू लागला आणि पडद्यावर आईने माझ्या नंबरला दिलेलं नाव उमटलं, 'लेक, दुपारी करू नये'.

आम्ही दोघांनीही ते वाचलं. त्यांनी फोन उचलला नाही, मीही माझा ठेवला नाही. आपोआप थांबेपर्यंत तो वाजत राहिला.

"बरा आहे," बाबा म्हणाले. तो खिशात घालून, कठड्याला धरत ते सावकाश जिना उतरले.