घड्याळाची फिरती कडा

नव्या रबराचा वास आला की मला एस्प्लनेड बाजारातलं ते घड्याळांचं दुकान आठवतं. मुलगी दुसऱ्यांदा अंदमानला स्कुबा डायव्हिंगसाठी निघाली होती आणि आम्ही तिच्यासाठी घड्याळ निवडत होतो. म्हाताऱ्या दुकानदाराने रबरी पट्ट्याचं एक घड्याळ काढलं आणि डायलभोवतीची कडा फिरवून दाखवली. "पाण्यात उतरताना हिची खूण मिनिटकाट्यावर आणायची, म्हणजे किती वेळ गेला ते कळतं. ही एकाच बाजूला फिरते, दीदी," तो मला हिंदीत म्हणाला. "पाण्यात धक्का लागला तरी उरलेला वेळ कमीच दाखवेल, जास्त कधीच नाही."  मुलगी त्याच्याकडे वाकून बंगालीत हळूच म्हणाली, "दादा, माझ्या जुन्या घड्याळाची कडा दोन्हीकडे फिरायची. गेल्या वेळी खाली असताना ती दहा मिनिटं सरकली. अजून वेळ आहे असं समजून मी तिच्यावरच विसंबले आणि सिलिंडरमधली हवा संपली. इन्स्ट्रक्टरने स्वतःची हवा दिली म्हणून वर आले. आईला सांगू नका, घड्याळ तिनेच दिलं होतं." माझं बंगाली भाजीबाजारापुरतं आहे, असा तिचा समज होता. पण बदली होऊन इथे आल्यापासून बँकेतल्या ग्राहकांशी मी सहा वर्षं बंगालीच बोलत होते.  तिच्या वाढदिवसाचं ते घड्याळ मी फक्त रंग बघून घेतलं होतं. "आई, हेच घेऊया ना?" ती मराठीत म्हणाली. मी दुकानदाराला बंगालीत सांगितलं, "हो, हेच द्या." तिचा चेहरा पांढराफटक पडला. आता पाण्यातून वर आली की सिलिंडरमध्ये किती हवा उरली होती, ते ती मला न चुकता कळवते. त्या दिवसाबद्दल मात्र आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.