कुकरच्या शिट्टीचं इंग्रजी

रहाटणीतल्या गृहिणींना मी इंटरनेटवरून इंग्रजी शिकवते. एकदा आयर्लंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेला मी आमच्या व्हिडिओ कॉलवर बोलावलं. सगळ्या जणी घरून हजर झाल्या, पण तोंड कुणीच उघडेना. तेवढ्यात एकीच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पाहुण्या बाई दचकल्या.

"व्हॉट वॉज दॅट?"

एरवी "मॅडम, मला न्हाई जमायचं" म्हणणारी ती विद्यार्थिनी मोबाइल घेऊन थेट ओट्यापाशी गेली.

"दिस इज कुकर. डाळ इनसाइड. नो फिअर!"

बाई खळखळून हसल्या आणि डाळीची कृती विचारू लागल्या. मग काय, प्रत्येकीनं आपापलं स्वयंपाकघर दाखवत मोडक्यातोडक्या इंग्रजीत फोडणी सांगितली. तास संपला तरी कॉल कुणी बंद करेना. मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही, आणि मी जाम खूश होते.