कमलच्या खोलीतली लोकर

कमलच्या नवऱ्याचा, गौतमभाऊजींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गवार निवडत बसले होते. "कमल गेली," ते म्हणाले. "सकाळी चहा ठेवला तिच्याजवळ, उठवाया गेलो तर..." मी "बरं" म्हणाले. बरं काय त्यात, हे नंतर लक्षात आलं. फोन ठेवला, राहिलेली गवार निवडली, फोडणीला घातली. मग लातूरची बस धरली. तिथं सगळे रडत होते. मी भिंतीला टेकून बसले आणि समोरच्या चपलांच्या ढिगाकडं बघत राहिले. आता बरेच आठवडे झाले, पण रडू आलेलं नाही. आठवतं मात्र सगळं.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी आम्ही दोघी टंकलेखक म्हणून तिथं लागलो. मी नांदेडहून आलेली, ती निलंग्याकडच्या खेड्यातली. कचेरी नवी, खुर्च्या कमी, फायली अजून उस्मानाबादहून ट्रकनं येत होत्या. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाया डबे उघडायच्या. कमल घाईनं दोन घास खाऊन पिशवीतून सुया काढायची. एप्रिलच्या उन्हात, पंख्याखाली, ती स्वेटर विणत असायची. कोणीतरी हसून विचारायचंच, "कमलबाई, लातुरात हे घालणार कोण?" ती म्हणायची, "घालायला कशाला पायजे? हात लावून तर बघा."

लोकर तिला भेटली ती दुष्काळात, बहात्तरच्या. घरचे सगळे तलावाच्या कामावर. ही शाळा सोडून खडी फोडायला. एकदा कामावर परदेशातून जुन्या कपड्यांचं गाठोडं आलं. बायांनी साड्या, चादरी शोधल्या. हिच्या वाट्याला कुणा धिप्पाड माणसाचा डाळिंबी स्वेटर आला. त्या उकाड्यात त्याचं करायचं काय? बाहीचा एक धागा सुटला होता. तिनं तो ओढला, तर तो येतच राहिला. बाभळीखाली बसून तिनं ती सगळी बाही उसवली. "खडीनं बोटं इतकी फुटलेली की भाकर मोडताना बी दुखायचं," ती मला सांगत होती. "पण तो धागा बोटावरनं जाताना दुखला न्हाई. असं मऊ काही असतंय, हेच मला ठावं नव्हतं." कामावरच्या दवाखान्यात केरळची नर्स होती. तिनं सायकलच्या चाकाच्या तारांवर टाके घालायला शिकवलं. पहिलं विणलं ते धाकट्या भावाचं टोपरं. तो भाऊ आता उदगीरला असतो, केस पांढरे झालेत त्याचे.

लातुरात तिनं पहिल्या आठवड्यातच लोकरीचं दुकान शोधून काढलं होतं. गंजगोलाईच्या बाजारातून आत गेलेल्या एका बोळात गफूरभाईंचं. बाराही महिने नाड्या, बटणं, रिबिनी विकायचे, आणि मागच्या फळ्यांवर, पांढऱ्या फडक्याखाली, लोकर. कमल आत शिरली की ते न मागताच फडकं बाजूला करायचे. ती लडी उचलायची, गालाला लावायची, उजेडाकडं धरायची. मला ते थोडं वेडेपणाचं वाटायचं. तीच मोरपंखी लडी ती तीनतीनदा बघून परत ठेवायची. "घे ना मग," मी म्हणायची. "घेतली तर विणावी लागंल," ती म्हणायची. "असू दे की तशीच थोडे दिवस."

जिल्हा झाला तसे रस्ते रुंद करायचं निघालं. दुकानं पाडायच्या नोटिसा टाइप करायला आमच्याकडंच आल्या. गठ्ठा आम्ही दोघींनी वाटून घेतला. दुपारी तिच्या यंत्राचा आवाज थांबला. मी बघितलं, ती कागदावरच्या गफूरभाईंच्या नावाकडं बघत होती. पुन्हा टाइप करायला लागली, आणि एकही चूक न करता पूर्ण केलं. सुटल्यावर मला म्हणाली, "चल माझ्यासंगं."

गफूरभाई ऐकून स्टुलावर बसले. "मुद्दत कितीची हाय?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. "नाड्या-बटणं घरी नेईन," ते म्हणाले, "पण ह्याचं काय करू? घर पत्र्याचं, वरून पाऊस येऊन राहिला. लोकर भिजली की गेली."

"माझी खोली पक्की हाय," कमल म्हणाली. "तिथं ठेवा."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिची खोली मला माहीत होती. एक खाट, एक स्टोव्ह, एक खिडकी. पण तिनं गठ्ठा उचललाही होता. आम्ही तिघांनी भर बाजारातून कितीतरी खेपा केल्या. लोक बघत होते. खाटेखाली, खाटेवर, भिंतीला लावून छातीएवढी रास झाली. तो सगळा पावसाळा कमल दारालगत सतरंजी टाकून झोपली. स्टोव्ह तिनं व्हरांड्यात नेला, धूर लागू नये म्हणून. गफूरभाई म्हणाले होते, "तुम्हाला पायजे ती घ्या, बाई, विणा." तिनं एक धागा विणला नाही. मी एकदा चिडून विचारलं, एवढी समोर असताना का नाही? ती म्हणाली, "ती त्यांची हाय. मी बघून राहिले ना. बस झालं."

थंडी लागायच्या सुमारास दुकानाच्या गिऱ्हाईक बायका पत्ता विचारत खोलीवर यायला लागल्या. ती रविवारी दार उघडं ठेवायची. कोणाला रंग काढून दे, कोणाचे सुटलेले टाके उचलून दे. पैसे गफूरभाई येऊन न्यायचे. त्यांना नवं दुकान मिळालं तेव्हा सगळी लोकर परत गेली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय देऊ?" तिनं मागितलं ते एवढंच, की लुधियानाहून नव्या लोकरीचं पार्सल आलं की ते तिच्यासमोर फोडायचं. त्यांनी शेवटपर्यंत पाळलं, आणि त्यांच्यामागं त्यांच्या मुलीनंही. लोकर नव्या दुकानात पोचवून झाल्यावर कमलच्या खोलीत गेले होते मी. मोकळी खोली. ती भिंतीला हात लावून उभी होती. "आवाज घुमतोय बघ," एवढंच म्हणाली.

पुढं कमलचं लग्न झालं, माझी बदली झाली, दोघी निवृत्त झालो. दर हिवाळ्यात तिच्याकडून पोस्टानं काहीतरी यायचं. कानटोपी, मोजे, एकदा शाल. नांदेडच्या थंडीत आठवडाभर वापरून मी ते कपाटात ठेवायची.

परवा पुन्हा लातूरला गेले. भाऊजी एकटेच होते. चहा त्यांनीच केला, साखर घालायची राहिली. दोघांनीही तसाच प्यायला. मग त्यांनी तिची पेटी उघडून दाखवली. वरपर्यंत लड्या. "ह्याचं काय करू, ताई?" त्यांनी विचारलं. काहीतरी करायचं म्हणून मी वरची एक लडी उचलली आणि तिचा पीळ सोडला.

भाऊजींचे दोन्ही हात आपोआप वर आले. कोपरात वाकलेले, हातभर अंतरावर, तळवे समोरासमोर. लडीचा गुंडा करायचा तर कुणीतरी ती अशी हातांवर ताणून धरावी लागते. एवढी वर्षं ते तेच करत आले होते. आपले हात वर आलेत हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मी लडी त्यांच्या हातांवर चढवली. टोक शोधलं, गुंडाळायला लागले. धागा सुटेल तसे त्यांचे हात जरा डावीकडं, जरा उजवीकडं झुकत होते. गुंडा मोठा होत गेला, हातांवरची लोकर विरळ होत गेली, आणि शेवटचा फेरा सुटला.

मी गुंडा मांडीवर ठेवला. त्यांचे हात तसेच वर होते...